जिताडा कोणाचा?

आमच्या शेजारच्या सेनबाबूंना एकच खोड. मासा फक्त बंगाल्यांना कळतो, हे ते लिफ्टमध्येसुद्धा ऐकवतात. आणि मी कोपरखैरण्याचा आगरी, खाडीवर वाढलेला! किती दिवस ऐकून घेणार?

एकदा म्हणाले, "बोंबील को आप लोग मछली बोलता है? हमारा भेटकी खाओ, फिर बोलो."

माझं डोकंच फिरलं. मामा अजून खाडीत जाळं टाकतो, त्याला फोन केला. "मामा, मोठा जिताडा पायजे. इज्जतीचा प्रश्न हाय."

रविवारी चार किलोचा जिताडा थेट सेनबाबूंच्या ओट्यावर ठेवला. "इसको बोलते हैं मछली!"

त्यांनी कल्ले उघडून बघितले, शेपटी बघितली आणि हसतच सुटले. "अरे, ये तो हमारा भेटकी है!"

"जिताडा!"

"भेटकी!"

शेवटी अर्धा त्यांच्या बायकोनं मोहरी वाटून केला, अर्धा माझ्या बायकोनं आगरी मसाल्यात. जेवायला बसलो, तरी मुंडी कोणी खायची यावर आमचं चालूच होतं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे केरळचे कुरियन सोसायटीच्या कागदावर सही घ्यायला आले. पातेल्यातली मुंडी बघून त्यांचे डोळेच चमकले.

"अरे वा! हमारा काळांजी!"

मी आणि सेनबाबू एकदम ओरडलो, "तुम्हारा कैसे? हमारा है!"

कुरियननी शांतपणे खुर्ची ओढली. "ठीक है, मछली आपका. मुंडी मेरा."