आधीचा ड्रॅगन

चहा प्या खुशाल, पण त्या ड्रॅगनच्या मालिकेत पुढं काय झालं ते मला इचारू नका. आमच्या अर्धापूरच्या घरी ती पुढं जाऊनच न्हाई राहिली.

झालं काय, राणीला नवा ड्रॅगन मिळाला. हा एवढा थोरला! मी आमच्या वडलांना लई जोशात सांगून राहिलो, "आता बघा अण्णा, लढाईच बदलली. एका फुंकरीत किल्ला खाक. फौजेचं कामच न्हाई."

अण्णा म्हणले, "आन आधीचा?"

"कोणता आधीचा?"

"तांबडा. इतके दिवस तिला पाठीवर घेऊन लढला तो. कुठं हाय?"

"असंल कुठं तरी. त्याचं आता काय काम?"

अण्णा दारातून गोठ्याकडं बघत बसले. गोठ्यात आता ट्रॅक्टर उभा असतो. आधी तिथं आमची बैलजोडी असायची. ट्रॅक्टर आला त्याच आठवड्यात अण्णांनी जोडी बाजारात नेऊन विकली. त्यातल्या लाल्याचं दावं मात्र अजून खुंटीला हाय.

तिकडंच बघत म्हणले, "मागचे भाग लागतेत का रे?"

"लागतेत की."

"मग तेच लाव. तांबडा हाय ते."

तवापासून रोज तेच लागतेत. तुमच्याकडं ती राणी कधीच जिंकून गादीवर बसली असंल. आमच्या घरी तो नवा ड्रॅगन अजून अंड्यातच हाय.