अपेक्षेचा रकाना

न्हाय न्हाय, उठू नका, बसा. पत्ता बरोबर हाय तुमचा. नाव बी बरोबर, करुणाच. फोटो बी तिचाच. फक्त तिचं लग्न झालेलं हाय — माझ्याशी. चार वर्षं झाली, येत्या मे महिन्यात पाच होतील. आता तुमी कुर्डुवाडीहून सकाळची पॅसेंजर धरायची, भिगवणला उतरायचं, तितनं वडापच्या जीपमधी गुडघे पोटाशी घेऊन बारामती गाठायची, पोरासाठी मुलीचं घर बघायला म्हणून दार वाजवायचं, आन दार उघडणार कोण, तर मुलीचा नवरा — मोहनराव, तुमच्या जागी मी असतो तर मी बी असाच उठून निघालो असतो. पाणी घ्या. चहा टाकतो. दूध न्हाय घरात, कोरा चालंल ना? करुणा जरा इंदापूरला गेलीय, माहेरी. येईल संध्याकाळपर्यंत. तो पेढ्याचा पुडा मात्र फोडू नका, तसाच ऱ्हाऊ द्या.

कसं झालं ते सांगतो. चूक माझीच हाय, पण ती आमच्या धंद्यातली चूक हाय, माणूस म्हणून केलेली न्हाय. आमचे आबा, म्हंजे वडील, रामभाऊ — डाळजला असतात, शेती बघतात — त्यांची एक वही हाय. आपल्या समाजातली लग्नाची मुलं-मुली, तालुक्यातली, सगळी त्या वहीत. दर रविवारी विहारात वंदना झाली की लोक आबांच्या भोवती बसायचे. आबांचा एक नियम — वहीत नाव लिहायच्या आधी त्या घरी जाऊन भाकरी खायची. भाकरी खाताना घरातलं कोण कुणाशी कसं बोलतंय ते ऐकायचं, मग नाव लिहायचं. मी पुण्यात कॉम्प्युटर शिकून आलो, साखर कारखान्याचे दोन-तीन प्रोग्राम लिहिले, आन अठ्ठ्याण्णव साली आबांना म्हणलं, ही वही आपण इंटरनेटवर टाकू, नागपूरच्या माणसाला बारामतीची मुलगी घरबसल्या दिसंल. आबा म्हणले, भाकरी कशी खाणार? मी म्हणलं, आबा, तेवढा रकाना न्हाय ठेवलेला.

तर साइट तयार झाली आन आत एकबी नाव न्हाय. रिकाम्या दुकानात कोण चढतंय? साडीच्या दुकानात बाहेर बाहुली उभी असती ना साडी नेसून, तशी दोन नावं मी टाकली, नमुना म्हणून. एक नंबरला मुलगी, दोन नंबरला मुलगा. मुलगा मी. मुलगी करुणा — कारण बाईमाणसाचा फोटो घरात तेवढाच होता. लग्नानंतर स्टुडिओत काढलेला, मी कापला आन ती ठेवली. साइटवरनं छापून आणलेल्या तुमच्या कागदावर बघा, तिच्या डाव्या खांद्यावर चार बोटं दिसतील. ती माझी. तुमाला काय वाटलं, मैत्रीण? हां, बऱ्याच जणांना तसंच वाटत असंल. नंतर खरी नावं आली, पोस्टानं फॉर्म यायला लागले, करुणाच टाइप करायची ते सुरवातीला, भराभर, माझ्यापेक्षा कमी चुका — आज सहाशेच्या वर नोंदी हायत. पण एक नंबर काढला की पुढचं पानच उघडत न्हाय, प्रोग्रामची मोजणी तितनं सुरू होती. नव्या आवृत्तीत दुरुस्त करणार हाय. आता लाइट असती तर तुमच्या डोळ्यांदेखत काढून टाकलं असतं, पण आज गुरुवार, लाइट चारला येती.

आन ते पत्र — 'आपली पसंती मुलीच्या घरी कळवली आहे, कृपया प्रत्यक्ष भेटावे' — ते मी न्हाय लिहिलं. ते प्रोग्राम आपोआप पाठवतो. प्रोग्राम मी लिहिलाय, व्हय. तुमी म्हणता तेबी बरोबर हाय. पसंत्या येतात ना, त्या मी न वाचताच पुसून टाकतो एक नंबरच्या, नमुना हाय म्हणून. तिला एकवीस आल्या आत्तापर्यंत, तुमची धरून बावीस, पण दारापर्यंत आलेले तुमीच पहिले. मला? मला न्हाय आली एकबी. इंजिनियर लिहिलंय, बारामतीत स्वतःचा व्यवसाय लिहिलंय, फोटो बी बरा हाय. असू द्या, आपल्याला कुठं लग्न करायचंय.

उंची किती? पाच फूट एक? न्हाय, दोन असंल. मी दोन टाकलंय, अंदाजानं. छापताना गेलं असंल. — चहा घ्या. साखर हाय का बघा बरोबर, मला अंदाज न्हाय.

तुमी खोलीकडं बघताय म्हणून सांगतो, एरवी अशी नसती. ही बाहेरची खोली म्हंजे हापिस, आतली म्हंजे घर. लोक म्हणतात रवींद्रचं बरंय, जायचं न्हाय यायचं न्हाय. मला बी तसंच वाटायचं. माळेगावला कारखान्यात जाणारी माणसं सायकल काढतात, शिफ्ट संपली की भोंगा होतो, घरी येतात. आमाला भोंगा न्हाय. लाइन मधीच तुटती, परत पुण्याला फोन जोडायचा, परत तुटती, एखादं पान अमेरिकेच्या कॉम्प्युटरवर चढायला लागतं आन आतनं आवाज येतो, जेवायला चला. आता अर्धं पान चढलेलं टाकून कसं उठायचं? मी म्हणायचो, आलो. हे आलो दोन-दोन तास चालायचं. करुणाची तक्रार न्हाय, भांडखोर न्हाय ती. एकदाच म्हणली, आठ वाजता उठत जा, एवढंच करा. मग मी काय केलं — तुमाला पटणार न्हाय — मी त्याचा प्रोग्राम लिहिला. बरोब्बर आठला कॉम्प्युटर टीं टीं करणार आन पडद्यावर अक्षरं येणार, जेवायला जा. एक दिवस घालवला त्याच्यात. पहिल्या दिवशी वाजला तेव्हा ती आतनं हसत आली होती बघायला. मग मी त्यात एक बटण टाकलं, दहा मिनिटांनी परत आठवण करायचं. ते दाबलं की दहा मिनिटं गप. मग ते टीं टीं कामाच्या मधी यायला लागलं म्हणून आवाज बंद केला. अक्षरं होती अजून. मग अक्षरं बी काढली, जागा लई खात होती.

उपाशी न्हाय राहिलो कधी, तसं न्हाय. ताट हितं यायचं, टेबलावर, की-बोर्डच्या शेजारी. आमटी सांडली होती एकदा, 'झ' चं बटण अजून चिकटतंय.

भांडण? न्हाय हो. भांडण झालं असतं तर लक्षात तरी राहिलं असतं. सात जानेवारी, बाजाराचा दिवस. मी हितंच बसलेलो. ती दारात उभी राहिली, हातात पिशवी. काहीतरी म्हणली. मी हं म्हणलं. परत काहीतरी म्हणली, मी परत हं म्हणलं. मला वाटलं बाजार. पिशवी जरा मोठी होती, पण मला वाटलं भाजी स्वस्त असंल. दुसऱ्या दिवशी सकाळी भूक लागली, टेबलावर ताट न्हाय म्हणून आत गेलो, तेव्हा आठवलं की रात्रीबी आलं न्हवतं. मग सासऱ्यांकडनं निरोप आला, इंदापूरच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागली. ते तिनं मला सांगितलं होतं म्हणे. दारात. मी होकार दिला म्हणे. दोनदा.

व्हय, सात जानेवारी. आज मार्चची अठरा. मघाशी मी संध्याकाळी म्हणलो, ते — ते संध्याकाळी यायची तर बस असती, असं म्हणायचं होतं. जाणार हाय मी आणायला. नवी आवृत्ती चालू झाली की लगेच. एकतीस मार्चला होणार होती, आता एप्रिल जाईल. एकदा ती आवृत्ती बसली ना, की मी पाचला मोकळा. आबा म्हणले, सतरा लग्नं जमवलीस म्हणतोस, एकाच्या तरी मांडवात गेलास का? सगळ्यांना आबाच गेले माझ्या वतीनं. मी कामात. पण सतरा म्हंजे कमी न्हाय, मोहनराव, एका वर्षात.

तुमी मुलीत काय बघितलं एवढं, ते मात्र मला कळलं न्हाय. फोटो लहान, अर्धवट कापलेला. शिक्षण बीएस्सी, ते आता सगळ्याच मुलींचं असतं. छंद वाचन आन विणकाम — ते विणकाम मी आपलं टाकलं होतं, तिला काय येत न्हाय विणकाम. काय? नुसतं वाचन हाय? विणकाम न्हाय? बघू. — ऱ्हाऊ द्या, वाचा तुमी. काय आवडलं म्हणता तुमच्या सिद्धूला? अपेक्षा? अपेक्षेच्या रकान्यात काय न्हाय मोहनराव, तितं मी असंच बोटं आपटून पाच-सहा इंग्रजी अक्षरं टाकली होती, रकाना रिकामा ठेवला की प्रोग्राम पुढं जात न्हाय म्हणून. द्या हिकडं कागद. जरा उजेडाला घेतो.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय. 'नोकरी, शेती, धंदा, काहीही चालेल. घर कितीही लहान चालेल. रोज रात्री आठ वाजता बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत जेवायला यावे. चौदा पावले आहेत. मी मोजली आहेत.'

हे मी न्हाय लिहिलं.

पासवर्ड दोघांनाच म्हाईत. तिचंच नाव हाय पासवर्ड, मीच ठेवलेलं, तेव्हा तिला आवडलं होतं. उंची बी तिनंच — म्हंजे पाच फूट एक असंल मग. मला चार वर्षं दोन वाटत होतं. थांबा, खाली तारीख असती, शेवटच्या दुरुस्तीची, प्रोग्राम आपोआप टाकतो. गेल्यावर लिहिलं असंल रागानं, इंदापूरला कुठं कॉम्प्युटर सापडला असंल — चौदा ऑगस्ट अठ्ठ्याण्णव. ऑगस्ट. जानेवारीत गेली ती. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर — पाच महिने हे पडद्यावर होतं, आन ती आत होती. मी रोज उघडायचो हो साइट. दिवसातनं वीस वेळा उघडायचो. पहिलं पान उघडलं की पहिलं नाव हिचंच येतं. मी खालचा आकडा बघायचो, नोंदी किती झाल्या तो. तिला वाटलं असंल, हा माणूस दुसरीकडं कुठंच बघत न्हाय, तर हितं तरी वाचंल. बावीस घरांनी वाचलं. कुर्डुवाडीत वाचलं.

काय केलं सिद्धूनं? नोकरीत मिळालेलं क्वार्टर मोजलं? कामाच्या टेबलापासनं स्वयंपाकघरापर्यंत. किती भरली? अकरा. हुशार हाय पोरगा. न्हाय, चेष्टा न्हाय करत, खरंच म्हणतो. आन आठ वाजता ड्यूटी नसती म्हणून साहेबाला विचारून बी आला? लई चांगला पोरगा हाय तुमचा, मोहनराव. त्याला म्हणावं — त्याला काय म्हणायचं ते तुमीच बघा.

बसा. एक मिनिट बसा, मी हितनं उठतो. खुर्चीपासनं धरायचं. एक, दोन, तीन — हा उंबरा — सहा, सात. आठ. नऊ. हितं चूल. नऊच होतात हो. परत येतो. सात, आठ, नऊ. नऊच. तिनं चौदा कशी मोजली? ती काय एवढी लहान न्हाय, पाच फूट एक म्हंजे —

ताट हातात असंल. आमटीची वाटी भरलेली, ती हिंदकळू न देता यायचं म्हणलं की पावलं लहान पडतात. उंबऱ्यापाशी थांबायला लागत असंल. चौदा भरतात मग.

लाइट आली वाटतं, पंखा फिरला. न्हाय, कॉम्प्युटर न्हाय लावत आता. न्हाय पुसत ते. तिनं लिहिलंय, तीच पुसंल, न्हायतर न्हाय पुसणार. तुमाला कुर्डुवाडीची गाडी भिगवणला साडेपाचला हाय, जीप स्टँडच्या बाहेरच मिळंल. तिथपर्यंत आपण बरोबरच जाऊ, इंदापूरची एसटी बी तितनंच लागती. न्हाय, नव्या आवृत्तीची वाट न्हाय बघत. आज निघालो तर सातपर्यंत पोचतो, तिच्या घरी आठला जेवतात का ते म्हाईत न्हाय मला. दार उघडतील का तेबी म्हाईत न्हाय. हा कागद मी ठेवतो, सिद्धूला म्हणावं दुसरा छापून घे. आन तो पेढ्याचा पुडा — ऱ्हाऊ द्या म्हणता? बघा हं, तुमी सोयरीक करायला आणलेला. बरं, द्या. रिकाम्या हातानं जायला नको.

उठा आता, मोहनराव. कुलूप लावायचंय मला.