सतरा नंबरचा प्रश्न

...आन् वरतून मलाच म्हन्तो, उपयोग काय! रोज, तुमाला सांगतो, रोज अकराच्या ठोक्याला हा गोपीचंद माझ्या घरी येतो, माझाच चहा पितो, माझ्याच टीव्हीकडं बघतो आन् मलाच विचारतो, "वसरामभाऊ, हे लोक एवढे बोंबलून राहिले, ह्याचा उपयोग काय?" आता मी काय लोकसभेत बसतो का? मी बसतो डोंगरकड्याच्या अलीकडं, आमच्या तांड्यावर, पत्र्याखाली, एकटा. पन अकराला प्रश्नांचा तास सुरू झाला की टीव्ही लावतो, पार फुल आवाजात. एक उठतो, "मंत्रीजी जवाब दें!" दुसरा उठतो, "पहले आप जवाब दें!" मधात अध्यक्ष, "बैठ जाइए... माननीय सदस्य, बैठ जाइए... अरे, आप तो बैठ जाइए!" कोनी बसंल तं शप्पथ! आन् मंत्री कसा, शांत, चष्मा पुसत, "महोदय, मामला विचाराधीन है." तेवढा एक तास घर भरल्यावानी वाटतं बघा.

हे विचाराधीन मला काही नवं न्हाई बरं का. आमच्या घरी बेचाळीस वर्सं हाच तास चालला. जनकाबाई, आमच्या घरची, तव्यावर भाकर टाकायची आन् तिथूनच सुरू, "कुठं होते? मीठ काहून इसरले? पत्रा कवा बदलता?" आन् मी कोन? मी मंत्री! "बघू." "बघू म्हंजे कवा?" "बघू म्हंजे बघू!" मंग असं पेटायचं, असं पेटायचं, की शेजारून हाच गोपीचंद येऊन आमाला तहकूब करायचा.

तिचा एक प्रश्न मातर दर आठवड्याचा. तांड्यावर मोबाईलला रेंज न्हाई. पोरगी प्रियंका पुन्याला नोकरीला, तिचा फोन ऐतवारी, आन् तो घ्यायला टेकडीवर चढायचं, लिंबाखाली. जनकाबाईचे गुडघे गेलेले, तरी चढायची हो, दहा जागी बसत बसत. वर लेकीला प्रश्न, "जेवली का? कशासंगं जेवली?" खाली आली की मला, "टावरासाठी खासदाराला कागद काहून करत न्हाई?" "बघू." सहा वर्सं, तुमाला सांगतो, सहा वर्सं बघू! मागल्या पोळ्याच्या आधी ती गेली. तिचं तेरावं झालं, आन् दुसऱ्याच दिशी मी कागद केला. आता कोनासाठी केला? लई वाईट वाटतं, पन केला.

आन् लोकसभेत लागला की हो प्रश्न! खासदाराच्या मानसाचा निरोप आला, "बुधवारी, सतरा नंबर." अख्खा तांडा माझ्या घरी! सतरंज्या टाकल्या, चहाचं पातेलं चढवलं. गोपीचंदनं बोटांवर मोजून सांगितलं, "तास एक, प्रश्न वीस, एकाला तीन मिनिटं. म्हंजे आपला सतरावा बराबर अकरा अठ्ठेचाळीसला!" बाया म्हन्ल्या, तवर भाकरी टाकून येतो. अहो, कशाचे अठ्ठेचाळीस? पयल्याच प्रश्नाला पेटलं! कागद काय फडकवले, मधात काय धावले... अध्यक्ष उठले, "सभा बारह बजे तक स्थगित." घड्याळात अकरा वाजून नऊ मिनिटं. बाया पिठाच्या हातानं पळत आल्या, तं पडद्यावर नुसत्या खुर्च्या. तवा गोपीचंदनं पयल्यांदा विचारलं, "वसरामभाऊ, मंग उपयोग काय?" तवापासून हा रोज येऊन राहिला.

आता ऐका गंमत. महिन्याभरानं टपालानं कागद आला. जो प्रश्न तोंडी राहतो त्याचं म्हने लेखी उत्तर देत्यात, गोंधळ होवो न्हाईतर काही होवो. "सदर ठिकाणी मनोरा मंजूर करण्यात आला आहे." सतरा नंबर, शिक्का, सही! आन् उन्हाळ्यात खरंच टेकडीवर टावर उभा! तांड्याला वाटतं, टावर आपला असाच आला. कागद मी कोनाला दाखवला न्हाई. पेटीत हाय, जनकाबाईच्या ओढनीखाली.

आता घरात रेंज कशी, भरपूर! आन् सगळ्यात जास्त कुठं माहीत हाय का? चुलीपाशी. ती बसायची तिथं. पन फोन? आधी ऐतवार ठरलेला होता, आता कवाबी लागतो, म्हनून कवाच लागत न्हाई. मीच लावतो, तं, "बा, मीटिंगमधी हाय, नंतर करते." नंतर म्हंजे कवा? "बघू ना, बा." घ्या! लेकरू बराबर बापावर गेलं.

जनकाबाईच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आता तयार हायेत माझ्याकडं. मीठ आनलं. पत्रा बदलला. टावर आला. पन टीव्हीत बघतो ना मी, ज्यानं प्रश्न विचारला तोच जागेवर नसला, तं अध्यक्ष नाव पुकारतात आन् पुढं जातात. मी कुठं जाऊ पुढं?

आता तुमी म्हन्सान, काढ की तो कागद पेटीतून आन् हान गोपीचंदच्या तोंडावर, हा घे उपयोग! येतं की मला ते. एका मिनिटाचं काम. पन मंग उद्या अकराला तो कशाला येईल? अख्ख्या तांड्यात मला काही विचारनारा हा एकच मानूस उरला हो. म्हनून तो कप खाली ठिवतो, म्हन्तो, "वसरामभाऊ, सांगा ना, उपयोग काय?" आन् मी चष्मा काढतो, धोतराला पुसतो, आन् म्हन्तो, "विचाराधीन हाय, गोपीचंद... उद्या ये, बघू."