राहून गेलेली नळी

सोनोग्राफीआधी पोट फुगेस्तोवर पाणी प्यायचं होतं. शिंपीकाका बाटली घेऊन बाकावर बसले होते. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं; म्हाताऱ्याच्या हातातही पाण्याची बंद बाटली होती.

"डॉक्टर काय म्हणाले, नीट सांगा," म्हातारी नवऱ्याला म्हणाली.

"मुतखडा काढला तेव्हा आत नळी ठेवली होती ना, तिच्या मूत्राशयातल्या टोकावर खडा धरलाय. दुर्बीण घालून आधी तो फोडणार, मग नळी काढणार."

"पण ती महिन्याभरातच काढायची होती."

"राहून गेलं."

"राहून जायला ते काय पडदे धुणं होतं?"

"तुझं खुब्याचं हाड मोडलं, त्याच आठवड्यात तारीख होती."

"मग मला सांगायचं."

"सांगून? तुला कुशीवर वळवायला घरात दुसरं कोण होतं?"

"आणि दुखायला कधी लागलं?"

"तू काठी टाकून एकटी भाजी आणायला गेलीस, त्या दिवशी."

"मी आल्यावर विचारलं होतं, चेहरा असा का म्हणून."

"भाजी महाग आणलीस म्हणालो."

"आणि मी आठवडाभर बोलले नाही तुमच्याशी."

"हो."

"द्या ती बाटली. झाकण उघडून देते."