दगडाची उत्तरपूजा

अनिमेष : नाही मॅडम, आता खरंच माझ्या हातात काही राहिलं नाही. घसरगुंडी नावेत आहे, नाव खाली रामघाटाला लागलीये आणि नाववाला मला सारखा फोन करतोय. आज बसली तर बसली. नाहीतर गंगेपलीकडे रामनगरला परत.

शरदिनी : परत मतलब? करार आमच्या शाळेशी झालाय की रामनगरशी?

अनिमेष : तुमच्याशीच. पण आमचा रंगाचा कारखाना रामनगरला आहे. तिथली एक शाळा कधीची मागे लागलीये, जागा सपाट, एकदम रस्त्याला लागून. हेड ऑफिस म्हणतंय, बनारसच्या गल्ल्यांत कशाला अडकून पडायचं?

शरदिनी : रस्त्याला लागून! बोर्ड दिसेल ना कंपनीचा!

अनिमेष : बोर्ड दिसायलाच हवा ना मॅडम, पैसे कंपनीचे आहेत. पण मी बोर्डावरून अडलोय का? मी अडलोय त्या दगडावरून. मैदानाच्या बरोब्बर मध्ये! त्याच्यावर रोज हार काय, दूध काय. ठेकेदाराची माणसं हात लावायला तयार नाहीत. लावला तर गल्लीतले लोक धावून येतात.

शरदिनी : तर मग घसरगुंडी चार पावलं सरकवा. किती वेळा सांगू?

अनिमेष : नकाशा पास झालाय. सरकवायची तर तो पुन्हा मुंबईला जाणार. तीन सह्या. म्हणजे पुढची दिवाळी.

शरदिनी : हे भगवान! इकडे दगड हलत नाही, तिकडे कागद हलत नाही. आणि मधल्या मध्ये माझ्या मुलींची वाट लागलीये. थांबा, ते बघा, आले काका. काका! अहो काका, इकडे या जरा!

ढुंढिराज : ओरडू नकोस शरू, बहिरा नाही झालो मी अजून. संध्या उरकून येत होतो. काय, आज पुन्हा पंचायत बसलीये वाटतं?

शरदिनी : काका, हात जोडते तुमच्यापुढे. भूमिपूजन तुम्ही केलंत. दगड तुम्ही बसवलात. तुम्हीच उठवा. तुम्ही उठवलात तर गल्लीत कोणी चकार शब्द काढणार नाही.

ढुंढिराज : नाही काढणार. पण मी उठवणार नाही.

शरदिनी : का? रामघाटावरचे सगळ्यात मोठे वैदिक म्हणवता, दोन अक्षता टाकून देव हलवता येत नाही तुम्हाला?

ढुंढिराज : येतो की. सत्यनारायण सकाळी बसवतो, संध्याकाळी उठवतो. इथेही उठवलाच होता. पूजा केली, उत्तरपूजा केली, देवाला निरोप दिला. मग या साहेबांचा कॅमेरेवाला आला. म्हणतो, गुरुजी, वन मोर! ऊन चेहऱ्यावर पडलं नाही म्हणे.

अनिमेष : अहो गुरुजी, नुसता शॉट घ्यायचा होता. खोटं खोटं केलं असतंत तरी चाललं असतं.

ढुंढिराज : बघ शरू, ऐक! खोटं खोटं! बाळा, मी भिक्षुक आहे, रामलीलेतला नट नाही. मंत्र म्हटला की म्हटला. देव पुन्हा आला. आणि निरोप देणार तेवढ्यात तुमची माणसं कॅमेरे गुंडाळून कचोरी खायला पळाली.

अनिमेष : मग द्या ना निरोप आता! मी केव्हाचा हेच म्हणतोय!

ढुंढिराज : आता नाही देता येत. त्या दुसऱ्या वेळी मी संकल्पच तसा सोडलाय. काम पुरं होईपर्यंत इथंच बस, असं सांगून बसवलाय त्याला.

शरदिनी : वा! म्हणजे काम झाल्याशिवाय दगड उठणार नाही, आणि दगड उठल्याशिवाय काम होणार नाही! काका, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करून ठेवलंय?

ढुंढिराज : रागवू नकोस. रक्तदाब वाढेल तुझा.

शरदिनी : वाढू दे! चार वर्षं झाली मला या जागेपाठी. गोशाळेची पडीक जागा, उकिरडा झाला होता हिचा. मुलींनी आपल्या हातांनी विटा उचलल्या. कशासाठी? खोखोसाठी ना! गच्चीवर खेळायला जावं तर बंदर अंगावर येतात. घाटावर जावं तर पोरांचं क्रिकेट, एक पायरी रिकामी सोडत नाहीत. आमच्या मुली कडेकडेने पळतात, आणि वर ती पोरं म्हणतात, दीदी, गेंद उठा दो! हिमानीचा पुढचा दात पायरीवरच तुटला. तिचं हे शाळेतलं शेवटचं वर्ष आहे. ती रोज या फाटकाशी येऊन उभी राहते आणि मला विचारते, मॅम, कब खुलेगा? काय सांगू मी तिला? सांगा ना! दोघंही सांगा!

अनिमेष : मॅडम, मलाही वाईट वाटतं. खरंच. पण मी नोकर माणूस. दोन्हीकडून शिव्या मीच खातोय.

ढुंढिराज : शरू, तू एकदा तरी विचारलंस का मला, की काम म्हणजे कुठलं काम?

शरदिनी : काय विचारायचं त्यात? मैदानाचं काम. घसरगुंडी, झोपाळे, कुंपण.

ढुंढिराज : ते या साहेबांच्या नकाशात. माझ्या संकल्पात झोपाळा-बिपाळा काही नाही. मी म्हटलं, या भूमीवर शाळेच्या मुली खेळेपर्यंत इथे राहून राखण कर. बस, एवढंच.

शरदिनी : काका! आणि हे तुम्ही आज सांगताय?

ढुंढिराज : मी तेव्हाच सांगितलं होतं. भर मांडवात, मोठ्या आवाजात. या लोकांनी व्हिडिओ काढला. मग घरी नातवाने मोबाइलवर दाखवला. माझं तोंड हलतंय, आणि आवाज? कुठलंसं ढिनचॅक गाणं! माझा संकल्प गाण्याखाली गाडला यांनी. म्हटलं, ठीक आहे. ज्यांना ऐकायचंच नाही, त्यांना कशाला सांगा?

शरदिनी : म्हणजे तुम्ही रुसून बसलात. या वयात. आणि पोरींना बाहेर उभं ठेवलंत!

ढुंढिराज : रुसलो तर रुसलो. माणूस नाही का मी? पण पोरींना मी नाही अडवलं. कुलूप माझं नाही.

शरदिनी : अनिमेष, चावी द्या.

अनिमेष : मॅडम, नाही हो. हॅंडओव्हर झाल्याशिवाय एकही मूल आत सोडायचं नाही, लेखी आहे. कोणी पडलं, लागलं, तर माझी नोकरी जाईल.

शरदिनी : पडली तर माझी मुलगी पडेल! मातीत पडेल, दगडी पायरीवर नाही! चार पावलं घसरगुंडी सरकवता येत नाही तुम्हाला, बोर्ड मात्र पहिल्या दिवशी लावलात. आता कुलूप पण नाही उघडता येत? तर मग न्या ती नाव रामनगरला. न्या! बोर्डही घेऊन जा. पण मी ते कुलूप फोडणार, हे लिहून ठेवा. मी, या शाळेची प्रिन्सिपल, आत्ता विटेने फोडणार!

ढुंढिराज : फोडेल हो. लहानपणी हिने माझी पेटी फोडली होती, पेढ्यांसाठी.

अनिमेष : थांबा, थांबा! वीट खाली ठेवा मॅडम. ही घ्या चावी. मी तिकडे तोंड करून फोनवर बोलतोय. मी काही पाहिलेलं नाही.

शरदिनी : हिमानी! ए हिमानी! रुचीला बोलाव, सगळ्यांना बोलाव! चपला इथेच काढा! धक्काबुक्की नाही करायची!

(कुलूप निघतं. फाटक करकरतं. मग पुष्कळ पावलं एकदम आत जातात.)

ढुंढिराज : अरे, अरे, दगडाला बगल देऊन पळतायत बघ! हुशार आहेत.

शरदिनी : काका, अक्षता आहेत ना? करा लवकर. नाववाला निघून जाईल.

ढुंढिराज : एक डाव तर होऊ दे.

शरदिनी : काका!

ढुंढिराज : खेळेपर्यंत म्हटलंय. चार उड्या मारणं म्हणजे खेळणं नव्हे. बस इथे ओट्यावर. बघ तरी. ती दात तुटलेली कुठली?

शरदिनी : ती. लाल रिबीनवाली. बघा, बघा कशी वळली! पाय बघा तिचा! घाटावर असं वळायला जागाच नव्हती हो मिळत तिला.

ढुंढिराज : रडतेस काय शरू?

शरदिनी : धूळ उडतेय. हां... बाद! झाला डाव. आता उठा.

ढुंढिराज : चल. पोरींनो, दोन मिनिटं थांबा गं. देवाला जाऊ द्या... पुनरागमनाय च. हं. हलला. मी याला पिंपळाखाली ठेवतो. गल्लीवाल्यांना सांग, दूध तिकडे घाला. झालं ना साहेब, तुमच्या मनासारखं?

अनिमेष : झालं गुरुजी. थँक यू. एक मिनिट, हेड ऑफिसचाच फोन आहे. हॅलो, सर! हो सर, दगड हलला. हो, कायमचा. नाही सर, घसरगुंडी नाही बसवली अजून. नावेतच आहे. नाही... दगड नाही सर, पण जागा रिकामी नाहीये. मुली खेळतायत.