पट्टीश्वरमच्या शाळेवरचे झाप

— नाहीत हो, कृष्णराव घरी नाहीत, कडी कितीही वाजवा. इकडे या, आमच्या ओट्यावर बसा. मी शेजारची अंबुजा. अय्यो, मराठी बोलता? पुण्याकडचे? मग हसा आमच्या बोलीला, तिकडचे सगळेच हसतात! काफी घ्या, गरम आहे. — कृष्णराव ना? सकाळीच सायकल काढून पट्टीश्वरमला पळाले, तोंडात घास नाही. का म्हणून काय विचारता — वादळानं तिथल्या पंचायतीच्या शाळेचं छप्पर उडवलं, पोरं देवळाच्या मंडपात बसून शिकताहेत. सरकारी मदत हवी तर मद्रासेला नीट लिहायला नको? पंचायतीतल्या माणसांना नांगर धरता येतो, अर्ज कुठला! तो कृष्णरावांनी लिहून दिला, वर पत्ताही आपल्याच घराचा घातला — तालुका कचेरीत जन्म गेला त्यांचा — आणि फुकट हो! शेवटी उत्तर आलं, आज दुपारी अधिकारी स्वतः पाहायला येणार. कृष्णरावांनी बजावलं होतं, पडलंय ते तसंच राहू द्या, हात लावू नका. पण पाहुणा येणार आणि दारात कचरा? आपल्यात चालतं का? आज पट्टीश्वरमची भाजीवाली सांगत होती — रस्ता झाडला, सडा घातला, रांगोळ्या काढल्या, केळीचे खांब बांधले, आणि शाळेवर नारळाच्या विणलेल्या झापांचं छप्पर चढवलं! मी लगेच कृष्णरावांना सांगितलं — माझ्या पोटात कुठलं राहतं? — डोकंच धरलं त्यांनी. "अंबुजाबाई, हे बघून तो आल्या पावली परत जाईल हो!" म्हणून धावलेत, अधिकारी पोचायच्या आत छप्पर उतरवायला — काय झालं? काफी सांडली की धोतरावर.

— तुम्हीच ते अधिकारी? तुम्ही दुपारी येणार होतात ना? देवा रे!

थांबा, उठू नका. लबाडी नाही हो ती. ते झाप कुठून आले, विचारा ना मला! वादळानंतर बाजारात एक झाप मिळत नाही. लोकांनी आपापल्या घरांवरचे काढून दिलेत — पाहुण्यापुढे गावाची शाळा बोडकी दिसू नये म्हणून. भाजीवालीची म्हातारी सासू काल दव अंगावर घेत निजली. शाळेसमोर उभे राहू नका, मागच्या गल्लीत शिरा आणि वर बघा — घरोघरी नुसतं आभाळ. घोड्याचा जटका कोपऱ्यावर मिळेल. कृष्णरावांनी ते झाप उतरवून घरोघरी परत द्यायच्या आत पोचा. — पेला राहू दे, मी उचलते. जा म्हणते ना!