कानावरची उदबत्ती

बोला, विठ्ठल विठ्ठल! ... अहो, एवढाच आवाज? मंडळी जेवून आलेली दिसतात. हरकत नाही, बुवाही जेवूनच उभा राहिलाय! आणि किती जेवलाय ते पोटाकडे बघितलं की कळतंच. मृदंग कुठला आणि बुवा कुठला, लांबून ओळखू येत नाही म्हणतात!

तर मंडळी, ऐका. आख्यानाला हात घालायच्या आधी एक प्रश्न. आज दुपारी तुमच्याच पारावर दोन शहाणे हमरीतुमरीवर आले होते. एक म्हणे, दारू वाईट, गांजा बरा. दुसरा म्हणे, गांजा वाईट, दारू बरी. बुवांना बघितल्यावर दोघेही म्हणाले, बुवा, तुम्हीच निकाल द्या! बघा, निकाल कुणाकडे मागतात! तपकिरीची चिमूट नाकात गेल्याशिवाय ज्याला अभंगाचं दुसरं चरण आठवत नाही, त्याच्याकडे! हसा, हसा. ती त्या खांबाआड बुवाची बायको बसलीय, ती सगळ्यात जोरात हसतेय.

पण प्रश्न खोटा नाही. दारू वाईट की गांजा वाईट? आणि त्याच्या पोटातला खरा प्रश्न — माणूस ही तुलना करतो कशाला? त्याचं उत्तर बुवाजवळ नाही. ते गोरख यारीवाल्याजवळ आहे.

यारी ठाऊक आहे ना? विहीर खणताना काठावर उभी करतात ती. इंजिन, दोरखंड, आणि माणूस उभा मावेल एवढी लोखंडी बादली. गोरख वर यारीवर. त्याचा साडू तुळशीराम खाली विहिरीत. कातळात भोकं पाडायची, सुरुंग भरायचा, वात पेटवायची, "ओढ रं!" म्हणून हाळी द्यायची. गोरखनं ओढायचं. एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात! सख्ख्या बहिणींचे नवरे, रोज एका फडक्यातली भाकरी खाणारे, आणि भाकरी खाताना रोज भांडणारे.

कशावरून? अहो, तुमच्या पारावरच्याच गोष्टीवरून! तुळशीरामला लागायची बाटली. गोरखला चिलीम.

"साडूभाऊ," गोरख म्हणायचा, "दारू म्हंजी सडवलेलं पाणी. काळीज सडतंय, कावीळ हुतीया, मानूस गटारात लोळतंय. आमचं बघ! झाडपाला! साक्षात महादेवाचा परसाद!"

"व्हय तर!" तुळशीराम म्हणायचा. "महादेवानं हलाहल बी पेलं हुतं. ते पी की आधी! अरं, गांजानं मानूस खुळा हुतंय. माझं तर औषध हाय. विहिरीतल्या गारठ्यात घोटभर घेतली की ऊब येतीया."

आता गंमत बघा मंडळी. दोघंही खरं बोलत होते! फक्त दुसऱ्याबद्दल.

स्वतःबद्दल मात्र... अहो, विषारी धोत्राही झाडपालाच आहे, त्याची भाजी करतं का कुणी? आणि दारूनं ऊब येते म्हणे! कातडीला येते. आतला देह गार पडत जातो. दार उघडं टाकून शेगडी पेटवल्यासारखं आहे ते. पण हे सांगणार कोण? बुवा? बुवा म्हणतो, तपकिरीनं डोकं मोकळं होतं! बसा खाली, बुवा.

तुळशीरामची बायको शेवंता. पोटुशी होती, सातवा लागलेला. ती दोघांनाही म्हणायची, "तुमी दोघं एकमेकांचं येसन मोजताय. माझं कुकू कोन मोजतंय?" की हे दोघं भाकरीचा घास फिरवत बसायचे. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आता त्यांच्या धंद्यातली एक रीत सांगतो, नीट ऐका. सगळं आख्यान तिच्यावर उभं आहे. कधी कधी सुरुंग पेटवला तरी उडत नाही. वात ओली असते, आतल्या आत धुमसत राहते. वरच्या माणसाला वाटतं, विझली. आणि खाली बघायला उतरला की — गेला! म्हणून त्यांच्या वस्तादानं रीत घालून दिलेली. सुरुंग फुसका निघाला की यारीच्या पायाशी, जिथं सकाळी नारळ फोडतात ना, तिथं उदबत्ती लावायची. ती शेवटपर्यंत जळून राख होईतोवर खाली कुणीही उतरायचं नाही. मालक ओरडो, इंद्र येवो! घड्याळाचं काम नाही. देवापुढची उदबत्ती खोटं बोलत नाही.

बोला, विठ्ठल विठ्ठल!

त्या दिवशी भर दुपारी तुळशीरामनं वात पेटवली, हाळी दिली, गोरखनं त्याला वर ओढलं. सगळे लांब बाभळीखाली जाऊन बसले. वाट बघतायत. सुरुंग काही उडेना!

"फुसका निघाला," गोरख म्हणाला. उठला, यारीपाशी गेला, पुड्यातनं उदबत्ती काढली. काडेपेटी शोधायला दोन्ही हात रिकामे हवेत म्हणून उदबत्ती कानावर ठेवली, सुतार पेन्सिल ठेवतो तशी. काडेपेटी सापडली. काडी ओढली. आणि पेटत्या काडीनं माणसानं काय पेटवावं? चिलीम! ती कमरेलाच होती! दोन झुरके मारले, छातीत कोंडून धरले... उदबत्ती राहिली कानावर. आणि गडी मांडी घालून तिची राखण करायला बसला!

हसताय? बुवानं परवा नाकावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधला, आणि बुवानं तर चिलीम ओढली नव्हती!

गांजाची एक करामत आहे मंडळी. तो काळ ताणतो. पळभर गेलं की माणसाला वाटतं, प्रहर गेला. आणि आताच काय केलं, काय करायचं राहिलं, ते पुसून टाकतो. गोरखनं समोर बघितलं. सकाळच्या पूजेच्या उदबत्तीची राख पडलेली, काडीचं बुडूक उरलेलं. गोरखला वाटलं, बाप रे, किती वेळ बसलो आपण! सूर्यसुद्धा कलला असं वाटायला लागलं. सूर्य होता तिथंच डोक्यावर!

"झाली रं उदबत्ती!" त्यानं हाक दिली.

तिकडं बाभळीखाली तुळशीरामनं काय केलं असेल? औषध घेतलं असेल! शुद्धीवरचा तुळशीराम म्हणाला असता, एवढ्यात कशी झाली? पण गांजा काळाचं भान नेतो, तर दारू भीतीचं भान नेते. "सोड मला खाली," तो म्हणाला, "बघून येतो त्या सुरुंगाच्या मारी!" आणि बादलीत उभा राहिला, पालखीत बसल्यासारखा.

बादली खाली चालली. तेवढ्यात जवळच्या वस्तीवरून पाण्याची घागर घेऊन शेवंता आली. तिनं गोरखकडं बघितलं. त्याच्या कानाकडं बघितलं. घागर तिथंच सुटली!

"दाजी! उदबत्ती तुमच्या कानावर हाय!"

गोरखनं हात कानाला लावला. उदबत्ती हाताला लागली. अख्खी! कोरी! टोकाला काळा डागसुद्धा नाही.

मंडळी, त्या क्षणी त्या माणसाला काय वाटलं असेल? त्याला सगळं कळलं. पण हात ऐकेनात! डोकं ओरडतंय, ओढ! आणि हात म्हणतायत, ओढू की, काय घाई आहे. कुठला दांडा, कुठला ब्रेक, चाचपतोय. शेवटी शेवंतानंच सातव्या महिन्याचं पोट घेऊन दांड्यावर अंग टाकलं, तेव्हा यारी उलटी फिरली. बादली वर चालली. आणि आत आमचा शूरवीर? तो वर बघून शिव्या देतोय, "खाली सोड म्हंतो तर वर का वडतंय रं, गांजेकसा!"

बादली काठाला लागली. तुळशीरामनं एक पाय बाहेर टाकला.

आणि सुरुंग उडाला!

पाय बाहेर टाकला होता तो वाचला. आत राहिला होता तो मोडला. बादलीला खालून एवढं भोक पडलं, नारळ जाईल एवढं. शेवंता धुळीत बसून रडत होती. गोरख तिच्यासमोर हात जोडून उभा.

संपलं का? नाही. दवाखान्यात पाय प्लास्टरात, आणि दारू एकदम बंद. तिसऱ्या दिवशी तुळशीराम थरथरायला लागला, भिंतीवर विंचू दिसायला लागले, मग झटका आला! डॉक्टरीणबाई शेवंतावर चिडल्या, "पितात हे आधीच का नाही सांगितलं? रोज पिणाऱ्यानं एकाएकी सोडली तर जिवावर बेततं. सोडायचीच, पण आमच्या देखरेखीखाली." हे ध्यानात ठेवा बरं का. बुवाचं ऐकून आज रात्री बाटली फोडाल आणि परवा बुवाच्या नावानं खडे फोडाल.

आणि एवढं होऊनही आमचा गोरख, माणसाचा स्वभाव बघा, डॉक्टरीणबाईंना हळूच विचारतो, "बाई, म्हंजी दारूच जास्त वाईट न्हवं?"

बाई म्हणाल्या, "दारूनं माणसं मरताना मी जास्त बघते, खरं आहे. यकृत जातं, घर जातं. गांजानं तसा पटकन माणूस दगावत नाही. पण धूर छातीत जातोच, सवय लागतेच, कोवळ्या पोरांची डोकी कायमची बिघडलेलीही मी बघितलीत. आणि तुमच्या साडूचा पाय दारूनं मोडला की गांजानं? तुम्हीच सांगा."

गोरखनं खाली मान घातली. त्यानं कमरेची चिलीम काढली आणि शेवंताच्या पायाशी ठेवली. "माझ्याजवळ ठिवू नगंस," म्हणाला, "मला इसरायला हुतं." सोपं नव्हतं ते. झोप उडाली, चिडचिड व्हायची. पण राहिला. तुळशीरामही दवाखान्याच्या फेऱ्या घालून सुटला. आता लंगडतो, पण पोरीला खांद्यावर घेऊन लंगडतो.

आणि गोरख अजून कानावर एक कोरी उदबत्ती ठेवतो. कुणी म्हटलं की "आमचं त्याच्यासारखं न्हाई," तर ती काढून पुढं धरतो. "पावनं, माझी बी जळून गेली हुती," म्हणतो. "अक्कल डोक्यात न्हवती, कानावर हुती."

तर मंडळी, माणूस तुलना करतो कशाला? ज्याला सोडायची नसते, तो दुसऱ्याची मोजतो! दोन पापांची उंची लावून बघतो, आणि आपलं बोटभर बुटकं निघालं की त्याला पुण्य म्हणतो. आणि आपली उदबत्ती आपल्याला दिसतच नाही हो. स्वतःचा कान कुणाला दिसलाय? तो समोरच्यालाच दिसतो, जो आपल्यासाठी घागर टाकून धावतो त्याला. घरी गेल्यावर त्याला विचारा. मित्राला नको, तो चिलमीतला वाटेकरी असतो.

काय? खांबाआडून काय म्हणतेस? मोठ्यानं बोल ... कमरेची डबी?

बघा! भर कीर्तनात! अगं, तपकीर म्हणजे काही दारू नव्हे, की गांजा न—

हं. आता कुणी हसू नका.

ही घ्या. ठेवली डबी देवापुढं. टाळ्या नकोत. सुटली की नाही ते उद्या सकाळी तिलाच विचारा. मला विचारू नका, मी सांगेन उदबत्ती जळून गेली.

बोला, विठ्ठल विठ्ठल!